रक्त धुऊन निघते का?



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. दहावीच्या वर्गात मूत्रपिंडाचा पाठ संपवून मी बाहेर पडत होतो, तेवढ्यात एक मुलगी मागोमाग आली. तिचे आजोबा शहरातील एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात होते. शेतात अनवाणी चालताना पायात काटा मोडला. अंगात मधुमेह होताच. जखम चिघळली. आठवडाभर लेप आणि पट्ट्या करण्यात गेला. शेवटी ताप, धाप आणि असंबद्ध बडबड सुरू झाली, तेव्हा कुठे घरच्यांनी त्यांना जीपमध्ये घातले. डॉक्टरांनी 'सेप्सिस' असे निदान केले. त्या रात्री घरच्यांना असेही सांगण्यात आले की, रक्त शुद्ध करणारे एक नळकांडे यंत्राला जोडता येईल. खर्च बराच आहे, सकाळपर्यंत काय ते कळवा. मुलीचे वडील एक म्हैस विकायला निघाले होते.

मुलीने मला विचारले, "सर, रक्तात घाण झाली असेल तर ती धुऊनच काढायला हवी ना? मग घरी एवढा विचार कशाला करतात?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. 'मूत्रपिंड म्हणजे शरीराचे गाळणे' हे वाक्य पाच मिनिटांपूर्वी मीच फळ्यावर लिहिले होते. गाळणे बिघडले तर दुसरे गाळणे आणावे, हे तिचे तर्कशास्त्र माझ्याच पाठातून निघाले होते! त्या दिवशी मी "डॉक्टर सांगतात तसे करा" एवढेच म्हणालो. पुढे बरेच वाचले, तेव्हा आपण तिला काय सांगायला हवे होते ते ध्यानात आले. ते आता तुम्हाला सांगतो. यातील काही भाग माझे मत आहे. ते कोठे सुरू होते, हे तुमच्या लक्षात येईलच.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'रक्तशुद्धी' हा शब्द आपल्या घरोघरी मुरलेला आहे. तोंडावर पुटकुळ्या आल्या की आजी म्हणते, रक्त बिघडले. मग कडुलिंबाचा पाला नाहीतर एखादा कडू काढा पोटात जातो. दूषित रक्त जळवा लावून काढावे, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. युरोपातही शिरेला चीर देऊन रक्त वाहू देण्याची रीत एकोणिसाव्या शतकापर्यंत जोरात होती. 'सेप्सिस' हा शब्द स्वतः ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ 'कुजणे' असा. म्हणजे रोग म्हणजे घाण आणि उपचार म्हणजे ती घाण काढणे, ही कल्पना जगात सर्वत्र सापडते. एखादी कल्पना इतकी जुनी आणि इतकी सोपी असली की ती तपासून पाहावी असे कोणाला वाटतच नाही. माझी पहिली तक्रार आहे ती इथेच.

सेप्सिसमध्ये रक्तात घाण असते का? तुमची अपेक्षा असेल की अशा रुग्णाचे रक्त जंतूंनी बुजबुजलेले असेल. तसे नसते. सेप्सिसच्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या रक्ताच्या नमुन्यात जंतू वाढवून पाहिले तरी ते सापडत नाहीत. सापडले तरी मोठ्या माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात ते पुष्कळदा दहाच्या आतच असतात. जंतूंचे ठाणे असते फुप्फुसात, मूत्रमार्गात, फुटलेल्या आंत्रपुच्छाभोवती किंवा आजोबांच्या बाबतीत होते तसे पायाच्या जखमेत. मग सारे शरीर का कोसळते?

या प्रश्नाचा पहिला धागा जर्मन शास्त्रज्ञ रिशार्ड फायफर याच्या हाती लागला. तो रॉबर्ट कॉखकडे काम करीत असे. १८९२ च्या सुमारास त्याने पटकीचे जंतू उष्णतेने मारले आणि ते मेलेले जंतू गिनीपिगला टोचले. जंतू मेलेले, तरी प्राणी मेले! याचा अर्थ असा की, विष जंतूंच्या शरीरातच असले पाहिजे. त्याला आपण अंतर्विष म्हणतो. अनेक जंतूंच्या बाह्य आवरणाचा तो एक भाग असतो आणि जंतू फुटला की मोकळा होतो.

पण अंतर्विष हे खरोखर विष नव्हे, ही गोष्ट फार पुढे उमगली. ते स्वतः पेशी जाळीत नाही, कुजवीत नाही. ते आपल्या पांढऱ्या पेशींना 'शत्रू आला' एवढेच कळवते. मग त्या पेशी सायटोकाइन नावाचे निरोप्ये सोडतात. हे निरोप्ये म्हणजे लहान प्रथिने. इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ ही त्यांतली दोन प्रसिद्ध नावे. त्यांच्या निरोपावरून रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांच्या भिंती झिरपू लागतात, ताप चढतो, रक्त गोठवणारी यंत्रणा जागी होते. बोटाला काटा टोचल्यावर भोवती लाल होते, सूज येते, तो हाच प्रकार. बोटापुरता असतो तोवर तो आपला जीव वाचवतो. तोच प्रकार एकाच वेळी सर्वांगभर झाला की रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे लघवी करीनाशी होतात, फुप्फुसांत पाणी झिरपते, मेंदू गोंधळतो. म्हणून २०१६ साली ठरलेली सेप्सिसची व्याख्या अशी आहे : जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणे आणि त्यापायी जीव धोक्यात येणे. या व्याख्येत 'दूषित रक्त' कोठेच नाही, हे पाहिलेत ना?

हा विकार किती मोठा आहे त्याची कल्पना द्यायची तर २०१७ या एका वर्षाचा जागतिक अंदाज सांगतो. त्या वर्षी ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख मेले. जगातील दर पाच मृत्यूंपैकी सुमारे एक.

आता यंत्राकडे वळू. रक्त शरीराबाहेर नेऊन, गाळून परत आणण्याची कला विलेम कॉल्फ या डच डॉक्टरने साध्य केली. साल १९४३, गाव कॅम्पेन, देश जर्मनांच्या टाचेखाली. लाकडी पट्ट्यांचे मोठे पिंप, त्यावर गुंडाळलेली सुमारे वीस मीटर लांब सेलोफेनची नळी, आणि खाली मिठाच्या पाण्याची टाकी. मांसाचे सॉसेज ज्यात भरतात तीच ही नळी! पिंप फिरले की नळीतले रक्त पाण्यात बुडून वर येई आणि जाताजाता युरिया पाण्यात सोडून देई. पहिले पंधरा-सोळा रुग्ण गेले. १९४५ च्या सप्टेंबरात ६७ वर्षांची एक बाई मात्र शुद्धीवर आली आणि पुढे सात वर्षे जगली. आज गावोगावच्या डायालिसिस केंद्रांत जे चालते ते याच पिंपाचे नातवंड आहे. मूत्रपिंडे बंद पडलेल्या माणसाला ते जीवदान देते, यात तिळमात्र शंका नाही. काही विषबाधांतही रक्त असे गाळून माणसे वाचवता येतात.

तेव्हा शास्त्रज्ञांनी विचार केला, युरिया निघतो, तर सायटोकाइन का निघू नयेत? अंतर्विष का निघू नये?

अडचण पहिली, आकाराची. युरियाच्या रेणूचे वजन ६० डाल्टन. इंटरल्यूकिन-६ चे वीस हजारांहून अधिक. आणि रक्तातले अत्यावश्यक प्रथिन अल्ब्युमिन, जे अजिबात घालवायचे नाही, त्याचे सुमारे ६६ हजार. चहाच्या गाळण्यातून साखर जाते, पत्ती राहते. इथे मात्र साबुदाणा जाऊ द्यायचा आणि वाटाणा अडवायचा, तोही दिवसभर, एकही वाटाणा न गमावता. मग काहींनी गाळण्याचा वेगच वाढवून पाहिला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका चाचणीत रुग्णाच्या दर किलो वजनामागे ताशी ७० मिलिलिटर द्रव गाळून बदलण्यात आला. साठ किलोच्या माणसाचा हिशेब करा : दिवसाला शंभर लिटर! तुलनेसाठी दुसऱ्या गटात याच्या निम्मा वेग ठेवला होता. दोन्ही गटांत मृत्यूचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले.

दुसरा मार्ग अधिशोषणाचा, म्हणजे रेणू पृष्ठभागावर चिकटवून घेण्याचा. याचा प्रयोग तुम्ही शाळेत करू शकता. पेल्यात पाणी घेऊन त्यात निळ्या शाईचे दोन थेंब टाका. मत्स्यालयाच्या गाळण्यात वापरतात तो सक्रियित कोळसा बारीक करून त्यात ढवळा, तासाभराने गाळा. पाण्याचा निळेपणा बराच गेलेला दिसेल. कोळशाच्या कणाकणात असंख्य छिद्रे असतात आणि त्यांच्या भिंतींचे क्षेत्रफळ अफाट असते. सेप्सिससाठी विकल्या जाणाऱ्या अशाच एका नळकांड्यात कोळशाऐवजी प्लॅस्टिकचे सच्छिद्र मणी भरलेले असतात. त्यांचे आतले-बाहेरचे मिळून क्षेत्रफळ ४० हजार चौरस मीटरहून अधिक, म्हणजे जवळजवळ दहा एकर. मुठीत मावेल अशा वस्तूत दहा एकर रान!

आता प्रयोगाचा उत्तरार्ध करा. तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या पेल्यात शाईऐवजी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीचे पिवळे पाणी घ्या आणि तसाच कोळसा ढवळा. पिवळा रंगही फिका पडेल. कोळशाने शाई खाल्ली आणि जीवनसत्त्वही खाल्ले. नको ते कोणते आणि हवे ते कोणते, हे त्याला कळत नाही. नळकांड्यातल्या मण्यांनाही कळत नाही. ते घातक ठरलेले सायटोकाइन धरतात, दाह आवरणारे हितकर सायटोकाइनही धरतात, आणि रुग्णाला नुकतेच टोचलेले प्रतिजैविक औषधही काही प्रमाणात गिळतात.

म्हणून एक नेमका सापळा तयार करण्याचा प्रयत्न जपानी शास्त्रज्ञांनी केला. तो मला मनापासून आवडतो. पॉलिमिक्सिन बी नावाचे एक जुने प्रतिजैविक आहे. १९४७ साली ते मातीतल्या जंतूपासून मिळाले. अंतर्विषाला ते घट्ट पकडते, पण रक्तात गेले तर मूत्रपिंडांना आणि चेतातंतूंना इजा करते. जपान्यांनी ते प्लॅस्टिकच्या तंतूंना रासायनिक बंधाने कायमचे जखडले आणि ते तंतू नळकांड्यात भरले. मांजर दाराशी बांधून ठेवले. दारातून जाणारा उंदीर ते पकडील, पण दुधाच्या पातेल्यापर्यंत पोचणार नाही. १९९० च्या दशकापासून हे साधन जपानात वापरात आहे.

कल्पना सुंदर आहे. पण सुंदर कल्पनेने माणूस जगतो का?

इथे आजोबांची पुढची हकिकत सांगतो. म्हैस विकली गेली. नळकांडे जोडले. आजोबा वाचले, तीन आठवड्यांनी घरी आले. आता सारे गाव म्हणते, मशीनने वाचवले. परंतु मुलीने वहीत सगळे टिपून ठेवले होते (ही मुलगी पुढे काहीतरी करणार, असे मला वाटते). पहिल्या तासात शिरेतून प्रतिजैविक सुरू झाले. सलाइन दिले. रक्तदाब वाढवणारे औषध लावले. मध्यरात्री शस्त्रक्रिया करून पायातला पू काढला, सडलेली दोन बोटे कापली. आणि दुसऱ्या दिवशी नळकांडे जोडले. यांपैकी कशाने ते वाचले? एका आजोबांवरून हे कोणीही सांगू शकणार नाही. मी नाही, गाव नाही, तो डॉक्टरही नाही. गुण आला की शेवटच्या उपायाला श्रेय मिळते, हा नेहमीचाच न्याय आहे.

याला एकच वाट आहे. सारख्याच अवस्थेतले पुष्कळ रुग्ण घ्यावेत, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करावेत, बाकी सर्व उपचार दोघांना तेच द्यावेत, एका गटाला नळकांडे जोडावे आणि २८ दिवसांनी माणसे मोजावीत.

इटलीत असे करण्यात आले. २००९ साली निकाल प्रसिद्ध झाला. रुग्ण ६४, सर्वांना पोटातील संसर्गामुळे झालेला गंभीर सेप्सिस. पॉलिमिक्सिनच्या गटात ३२ टक्के दगावले, दुसऱ्या गटात ५३ टक्के. केवढा फरक! चाचणी अर्ध्यावरच थांबवण्यात आली. आता तुम्ही नाणे उडवून पाहा. दहा वेळा उडवले तर सात छापे सहज पडतात. हजार वेळा उडवून सातशे पडणार नाहीत. थोड्या रुग्णांवरची चाचणी आणि तीही आकडे अनुकूल दिसताच थांबवलेली, म्हणजे सातवा छापा पडताच डाव आटोपता घेण्यासारखे आहे.

मग फ्रान्समध्ये २३२ रुग्णांवर चाचणी झाली. २०१५ चा तिचा निकाल : उपचार केलेल्या गटात २७.७ टक्के मृत्यू, न केलेल्या गटात १९.५ टक्के. फरक योगायोगाचा असू शकेल एवढाच, पण फायद्याच्या बाजूचा तर नव्हताच. नंतर अमेरिका आणि कॅनडातील ५५ रुग्णालयांत ४५० रुग्ण घेतले. रक्तात अंतर्विषाचे प्रमाण वाढलेले आहे असे चाचणीने दिसले तेच रुग्ण निवडले. शिवाय दुसऱ्या गटासाठी उपचाराचे हुबेहूब सोंग उभे केले, म्हणजे कोणाला खरे नळकांडे लागले ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही कळू नये. इतकी काळजी घेतली. २०१८ मध्ये आकडे आले : ३७.७ टक्के आणि ३४.५ टक्के. पहिला आकडा नळकांडे लावलेल्यांचा आहे.

दुसऱ्या एका पद्धतीत रक्तद्रव वेगळा करून तो अधिशोषकातून नेतात. इटलीतील तिची चाचणी मध्येच बंद करावी लागली, कारण उपचार झालेल्या गटात सुरुवातीच्या दिवसांत अधिक माणसे मरू लागली. आणि जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे, कोविडच्या ज्या रुग्णांना कृत्रिम फुप्फुस लावावे लागले होते त्यांच्यावर, ते दहा एकर रानाचे मणी वापरून पाहिले. २०२१ चा निकाल असा : मणी वापरलेल्या १७ पैकी ३ जण तीस दिवसांनंतर जिवंत होते, न वापरलेल्या १७ पैकी १३. ज्याच्यासाठी खटाटोप केला त्या इंटरल्यूकिन-६ चे प्रमाणही दोन गटांत वेगळे निघाले नाही. येथे मी घाईने 'मण्यांनी माणसे मारली' असे म्हणणार नाही. ३४ रुग्ण म्हणजे पुन्हा थोडीच नाणी. जो नियम आपल्याला नावडत्या दाव्याला लावतो, तोच आवडत्यालाही लावला पाहिजे.

असे का होत असावे? एक कारण असे की सायटोकाइन रक्तात काही मिनिटेच टिकतात आणि ऊतींमध्ये सतत तयार होत राहतात. नळ सोडून ठेवायचा आणि घरभर पाणी पुसत बसायचे, तसा हा प्रकार. दुसरे कारण अधिक विचार करायला लावणारे आहे. निरोप्ये हे शत्रू नव्हेत. १९९६ साली एका चाचणीत सेप्सिसच्या १४१ रुग्णांपैकी काहींना टीएनएफ हा निरोप्या रक्तातच पकडून ठेवणारे औषध दिले होते. औषध न दिलेल्यांत ३० टक्के मृत्यू झाले. सर्वांत मोठी मात्रा दिलेल्यांत ५३ टक्के. घंटेचा आवाज फार कर्कश झाला म्हणून ती काढून टाकली, पण आग विझवायला माणसे त्या घंटेवरच येत होती! कोणत्या रुग्णात, कोणत्या दिवशी ही घंटा जास्त झाली आणि कोणत्या दिवशी कमी पडते आहे, हे पलंगाशेजारी उभे राहून ओळखण्याची भरवशाची रीत अजून आपल्या हाती नाही.

आता माझे मत सांगतो. सेप्सिसवरील या उपायाला 'रक्तशुद्धी' म्हणणे बंद करावे. हा शब्द उत्तर आधीच देऊन टाकतो. आपले रक्त अशुद्ध आहे असे ऐकल्यावर 'शुद्ध करू नका' असे कोणता मुलगा आपल्या बापाबद्दल म्हणेल? 'रक्तातून काही रेणू काढून पाहू. त्याने जीव वाचतो असे सिद्ध झालेले नाही' असे सांगितले, तर निदान विचार तरी करता येईल. आणि जे सिद्ध झालेले नाही ते रीतसर चाचणीत, रुग्णाच्या संमतीने आणि त्याच्या खिशाला हात न लावता करावे. सेप्सिसच्या उपचारासंबंधीच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पॉलिमिक्सिनचे नळकांडे वापरू नये असाच सल्ला आहे, आणि इतर पद्धतींबद्दल शिफारस करण्याइतका पुरावा नाही असे म्हटले आहे. मध्यरात्री अतिदक्षता विभागाच्या दाराशी घाबरून उभ्या असलेल्या माणसाला हे विकत घेण्याचा प्रश्न विचारणे मला योग्य वाटत नाही.

माझ्या एका डॉक्टर मित्राला हे मान्य नाही. तो म्हणतो, "सगळे करून झाले आणि माणूस डोळ्यांसमोर चालला आहे, तेव्हा हात बांधून बसू?" त्याची तळमळ मला कळते. परंतु 'करून पाहायला काय हरकत आहे' या वाक्यात हरकत नाही हे गृहीत धरलेले असते, आणि वरच्या आकड्यांनी तेच तर डळमळीत केले आहे. एक गोष्ट मात्र त्याने बरोबर सांगितली, ती तुम्हीही ध्यानात ठेवा. सेप्सिसमध्ये मूत्रपिंडे बंद पडतात, तेव्हा डायालिसिस लागते आणि ते खरोखर आवश्यक असते. यंत्र तेच, नळ्या त्याच, पण हेतू वेगळा. म्हणून घरच्यांनी डॉक्टरांना एवढेच विचारावे : हे मूत्रपिंडे बंद पडली म्हणून करायचे आहे, की सेप्सिस उतरावा म्हणून?

मग कशाने माणसे वाचतात? वेळेने. कॅनडा आणि अमेरिकेतील अनेक रुग्णालयांच्या जुन्या नोंदी तपासून २००६ साली एक हिशेब मांडण्यात आला. सेप्सिसने रक्तदाब कोसळल्यावर योग्य प्रतिजैविक मिळायला जितका उशीर, तितकी जगण्याची शक्यता कमी. पहिल्या सहा तासांत दर तासाला सरासरी ७.६ टक्क्यांनी. हा चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नव्हे, नोंदींवरचा हिशेब आहे, हे सांगायला हवे. परंतु धाप, थंड पडलेले हातपाय, बंद झालेली लघवी, भ्रमिष्टपणा ही लक्षणे तापाबरोबर दिसली तर सकाळची वाट पाहू नये, याबद्दल दुमत नाही. वयस्क माणसाला कधीकधी ताप येतही नाही. उलट अंग गार पडते. आणि घाण म्हणाल तर ती खरी असते जखमेत. तिथला पू काढणे, सडका भाग कापणे, यासारखी शुद्धी नाही. पायात पू ठेवून रक्त गाळत बसणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्याच्याही आधीची शुद्धी इग्नाझ सेमेलवाइसने १८४७ साली व्हिएन्नात दाखवली होती. बाळंतिणींना तपासण्यापूर्वी डॉक्टरांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायचे, एवढेच. एप्रिलमध्ये त्याच्या विभागात शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या. उन्हाळा सरायच्या आत ते प्रमाण दोनच्या आसपास आले. त्याला यंत्र लागले नव्हते. लोकांनी त्याचे ऐकले नाही, ही गोष्ट निराळी.

याचा अर्थ संशोधन थांबवावे असा मुळीच नाही. कॉल्फ पंधराव्या रुग्णानंतर थांबला असता तर? ४५० रुग्णांच्या त्या चाचणीतील आकडे पुन्हा चाळताना असे दिसले की, ज्यांच्या रक्तात अंतर्विष फार कमी नाही आणि फार जास्तही नाही, अशा मधल्या गटाला फायदा झाला असावा. निकाल लागल्यावर असे गट पाडणे हे 'बेस्ट ऑफ फाइव्ह'सारखे आहे; जमलेले विषय तेवढे मोजायचे. हे संशोधकांनाही माहीत होते. म्हणून त्यांनी फक्त त्या मधल्या गटातले सुमारे दीडशे रुग्ण घेऊन नवी चाचणी केली आणि २०२५ साली तिचा निकाल अनुकूल आल्याचे जाहीर झाले. या वेळी सोंग नव्हते. नळकांडे कोणाला लावले ते सर्वांना माहीत होते, आणि रुग्णही थोडेच. पण प्रश्न आता पूर्वीपेक्षा नेमका झाला आहे. 'रक्त धुऊन निघते का' असा तो राहिलेला नाही; 'कोणाच्या रक्तातून, कोणता रेणू, कोणत्या वेळी काढावा' असा झाला आहे. याचे उत्तर होय आले तर मी माझे मत बदलीन आणि तसे तुम्हाला कळवीन.

परवा त्या मुलीच्या घरी गेलो होतो. आजोबा गोठ्यापाशी खुर्ची टाकून बसले होते. आता ते बूट घालून शेतात जातात. दोन बोटे नसल्यामुळे उजव्या बुटात कापूस भरावा लागतो. गोठ्यात एकच म्हैस होती. चहा झाल्यावर मुलीने वही आणली आणि म्हणाली, "सर, कोळशाचा प्रयोग केला. पिवळे पाणी खरेच फिके झाले. पण मग मीठ घालून पाहिले तर पाणी खारटच राहिले. असे का?"

मी विचार करतो आहे, तुम्हीही करा.